उभ्याने भरवलेले घास

कारखान्याचं गाळप सुरू झालं हे आम्हा अंथुर्ण्याच्या लोकांना कुणी सांगावं लागत नाही. पहाटे दार उघडलं की मळीचा आंबूस-गोड वास नाकात शिरतो आणि दुपारपर्यंत दोरीवरच्या कपड्यांवर काळी राख बसलेली असते. ती झटकायची असते, पुसायची नसते; पुसली की डाग पसरतो. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला शिकवलेली ही पहिली गोष्ट. तीस वर्षं ती इमानानं पाळली. गेल्या हंगामात मात्र एका पांढऱ्या एप्रनवरची राख मी रागाच्या भरात खसाखसा पुसली. तो डाग अजून आहे. एप्रनही आहे, कपाटात घडी करून ठेवलेला. परवा पहाटे पुन्हा तो वास आला आणि चहा टाकायच्या आधीच माझं डोकं फिरलं.

गेला अख्खा हंगाम मी बारामतीला शिकायला जात होते. म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसांची देखभाल कशी करायची याचा सहा महिन्यांचा वर्ग होता तो. एका शुश्रूषागृहातच भरायचा. खाली आम्ही शिकणाऱ्या, वर म्हातारी माणसं. माझं वय त्रेपन्न. गाय पिळायची, भाकऱ्या थापायच्या, डबा घ्यायचा आणि एसटीला उभं राहायचं. एसटी सुटली की पाच-दहा मिनिटांत पुढे उसाचा ट्रॅक्टर आलाच. मागे दोन ट्रॉल्या, वर झुलणारा ऊस, आणि ट्रॅक्टरवाल्याने गाणी इतक्या मोठ्याने लावलेली की मागचा हॉर्न त्याच्या बापालाही ऐकू जाणार नाही. बसमधली माणसं निवांत. कुणाचा ऊस, किती कांड्यांचा, कुणाला तोड मिळाली, याच्या गप्पा. मी एकटी खिडकीतून मान काढून ट्रॅक्टरवाल्याला शिव्या घालत बसलेली.

वर्गात शिरले की बागवान सिस्टर आधी घड्याळाकडे बघायच्या आणि मग माझ्याकडे. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या बाई, जिभेला धार. "रोज तुमालाच कसा ट्रॅक्टर आडवा येतो वो? एक गाडी अलीकडची धरा की." अलीकडची गाडी धरायची तर गाय कुणी पिळायची, हे ओठांवर यायचं. मी ते गिळायची. बाकीच्या मुली विशीतल्या. त्या मला काकी म्हणायच्या आणि माझी वही बघून आपसांत हसायच्या, कारण मी शाळेत शिकल्याप्रमाणे प्रत्येक पानावर वर 'श्री' लिहायची.

एवढा खटाटोप कशासाठी, असं घरात सगळ्यांनी विचारलं. मालक म्हणाले, "घरातली म्हातारी माणसं सपली, आता लोकांची हुडकत चाललीस व्हय?"

"तुमी हाय की अजून," मी म्हटलं. ते आठवडाभर गप्प होते.

खरं कारण सांगायला मला लाज वाटत होती. खरं कारण असं, की मला माझ्या हातांचा अभिमान होता. मामंजी, म्हणजे माझे सासरे, झटका आल्यापासून शेवटची तीन वर्षं अंथरुणावर होते. त्यांचं सगळं मी केलं. अंग पुसणं, कूस बदलणं, दाढी, नखं. तीन वर्षांत त्यांच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही. ते गेले तेव्हा दहाव्याला जमलेल्या पै-पाहुण्यांसमोर थोरले भावजी उठून म्हणाले होते, "आबांचं सोनं केलं धाकटीनं. अशी सून देवानं समद्यांना द्यावी." थोरले भावजी म्हणजे मालकांचे मोठे भाऊ. घरात त्यांच्या तोंडून कधी कुणाचं कौतुक निघालेलं नाही. त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस जगले. लेक सासरी गेली, मुलगा पुण्यात, घर रिकामं. मग वाटलं, या हातांना येतंय ते वाया का घालवायचं? सर्टिफिकेट हातात आलं की बारामतीत काम मिळेल, कुणीतरी आपल्याला नावानं हाक मारेल. वर्गात पहिल्याच दिवशी ओळख करून देताना मी हे सगळं सांगितलं. मामंजींच्या पाठीचंही. मुलींनी टाळ्या वाजवल्या. सिस्टरांनी नाही.

मला वाटलं होतं, येतंच आहे सगळं, कागद तेवढा घ्यायचा. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

सुरुवात रबरी हातमोज्यांपासून झाली. ते कुणाच्या हाताच्या मापाने करतात देव जाणे. खुरपं धरून धरून माझी बोटं जाड झालेली. मोजा अंगठ्यापाशी टर्रकन फाटायचा. मग एप्रन. साडीवर एप्रन म्हणजे पदर आत अडकतो, आणि मला पदर डोक्यावर घेतल्याशिवाय म्हाताऱ्या माणसासमोर उभं राहवत नाही. मग इंग्रजी शब्द. माणसाची कूस बदलणे याला एक शब्द, त्याला बसवणे याला दुसरा. जी गोष्ट मी तीन वर्षं हातांनी केली, तिचं नाव मला परीक्षेत लिहिता येईना. वैताग, वैताग, दुसरं काही नाही. संध्याकाळी परतीच्या एसटीत ऊस पोचवून आलेल्या रिकाम्या ट्रॉल्या खडखडत पुढे निघून जायच्या, आणि मला वाटायचं, उद्या यायचंच नाही.

पण ते सगळं वरवरचं होतं. खरा घोळ तात्यांच्या खोलीत झाला.

तात्या हे तिथले एक रहिवासी. कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी केलेले, पांढरी टोपी, पांढरा सदरा. झटक्याने उजवं अंग गेलेलं, तोंड थोडं वाकडं झालेलं, पण स्वभाव सरळ झाला नव्हता. प्रत्येक शिकणारीला एकेक माणूस वाटून दिलेला होता आणि माझ्या वाट्याला तात्या आले. पहिल्या दिवशी मऊ भाताची वाटी घेतली, पदर सारखा केला, त्यांच्या उजव्या हाताला उभी राहिले आणि भरवायला लागले. पहिला चमचा नीट गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला तात्यांना असा ठसका लागला की चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सिस्टर धावत आल्या. त्यांना पुढे वाकवलं, पाठ चोळली. घास बाहेर आला. तात्यांनी श्वास घेतला आणि पहिलं वाक्य बोलले, "हिला... हटवा."

"उभ्या का राह्यलात तुमी?" सिस्टर माझ्यावर ओरडल्या. "मागं खुर्ची ठिवलीय ती कुणासाठी?"

"मोठं माणूस हाय वो सिस्टर. त्यांच्या म्होरं खुर्चीत बसू व्हय मी?"

दारात उभ्या मुली हसल्या. सिस्टर हसल्या नाहीत. खाली वर्गात नेऊन त्यांनी मलाच खुर्चीत बसवलं, स्वतः चमचाभर पाणी घेऊन माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. "माझ्याकडं बघा. आता गिळा." वाचणाऱ्यानेही करून बघावं. मान वर करून नुसता आवंढा गिळून बघा, तो अडखळतो. मग त्या समोर बसल्या, चमचा खालून आणला. हनुवटी आपोआप खाली आली आणि पाणी निमूट गेलं. "धडधाकट माणसाला ह्यानं काय होत न्हाय," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "पण झटक्यानं घसा लुळा पडलेला माणूस मान वर करून खातो तवा त्याची श्वासाची वाट उघडी पडते. घास पोटात जायचा तो छातीत जातो. थोडा थोडा. रोज. मग बारीक ताप. मग कफ. मग न्यूमोनिया." मी वहीत 'थोडा थोडा' पर्यंत लिहिलं. पुढे पेन चालेना.

मामंजींना रोज ठसका लागायचा.

ते पलंगावर उशीला टेकून बसायचे. मी शेजारी उभी. तीन वर्षांत एकदाही, एकदाही, मी त्यांच्यासमोर बसले नाही. सासऱ्यासमोर बसायचं नसतं हे मला कुणी शिकवलंही नव्हतं. शिकवायची गरजच नव्हती, ते कऱ्हाटीहून, माहेराहून, माझ्याबरोबरच आलं होतं. माझी आई माझ्या आज्यापुढे उभी असायची, मी मामंजींपुढे. एसटीत मात्र एकदा त्यांच्याशेजारच्या सीटवर बसून इंदापूरला गेले होते, तेव्हा कुणी काही म्हटलं नाही. चाकं असली की रीत सुटते बहुतेक. पाणीही मी वरून पाजायची, तांब्याची धार सोडून, कारण आयुष्यभर ते तसंच प्यायलेले. ठसका लागला की छाती चोळायची आणि म्हणायची, "कुणीतरी आठवण काढली मामंजी तुमची." ते मान हलवायचे. शेवटच्या वर्षी सारखा बारीक ताप. छातीत घरघर. डॉक्टर म्हणाले, वय झालं. आम्हीही म्हणालो, वय झालं.

जेवायच्या सुट्टीत मी सिस्टरांना गाठलं. त्यांनी डबा उघडलेला होता. मी सगळं सांगितलं आणि विचारलं, "माझ्यामुळं गेले का वो ते?"

त्या बराच वेळ चपाती मोडत राहिल्या. "वय झालं हुतं," त्या म्हणाल्या. "घसा लुळा पडला हुता. बसून भरवलं असतं तरी कदाचित..." त्यांनी डबा झाकला. "असंल. नसंलबी. आता ते कोण सांगणार, सुमनताई?"

त्यांनी मला पहिल्यांदा नावानं हाक मारली ती अशी. मला त्यांचा भयंकर राग आला. हो म्हणाल्या असत्या तर रडले असते, नाही म्हणाल्या असत्या तर झोपले असते. हे असंल-नसंलबी घेऊन मी काय करू? त्या दिवशी परतताना रस्त्यात पुन्हा ट्रॅक्टर आला. मी शिव्या दिल्या नाहीत. सगळ्या शिव्या आधीच वाटल्या होत्या: डॉक्टरला, ज्यानं तीन वर्षांत एकदा कसं भरवता म्हणून विचारलं नाही, थोरल्या भावजींना, ज्यांनी ते वाक्य बोलून मला फसवलं, मामंजींना, ज्यांनी कधी "बस गं पोरी" म्हटलं नाही, आणि आईला, जी मरेपर्यंत उभीच राहिली. उरलेल्या सगळ्या मला. घरी आले तर दोरीवर वाळत घातलेल्या दुसऱ्या एप्रनवर राख बसलेली. ती मी पुसली, झटकली नाही.

दुसऱ्या दिवशी न जाण्याचं ठरवलं होतं, तरी गेले. का, ते मलाही सांगता येत नाही. मालक म्हणायचे, सांगितलेलं शहाणपण आणि बांधलेली शिदोरी जन्माला पुरत नाही. बरोबर आहे त्यांचं. डोक्याला सगळं कळलेलं होतं. गुडघे ऐकत नव्हते. तात्यांच्या समोरची ती निळी प्लास्टिकची खुर्ची! मी टेकायची आणि ते खाकरले की उठायची. टोपी सारखी केली की उठायची. सिस्टर वैतागायच्या, "खुर्ची चावती का तुमाला?" घरी कुणी नसताना मी पलंगासमोर खुर्ची मांडून रिकाम्या उशीसमोर वाटी-चमचा घेऊन बसायची सवय केली. एकदा मालकांनी पाहिलं. दार लोटून घेऊन गेले.

शेवटी तात्याच वैतागले. "बये," ते अडखळत म्हणाले, "मान मोडली... माझी. तुझं त्वांड बघायला... आभाळाकडं बघावं लागतंय. काट्यावरची गाडीबी... वजन झालं की खाली... घ्यावी लागती. बस." मी बसले. त्या दिवशी आख्खी वाटी संपली, एकही ठसका न लागता. मला आनंद व्हायला हवा होता. मी न्हाणीघरात जाऊन रडले. इतकं सोपं होतं? एक खुर्ची?

परीक्षेची गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई वही घेऊन कोपऱ्यात उभ्या. मी हात धुतले, तात्यांना ताठ बसवलं, खुर्ची ओढली, बसले, हनुवटी बघितली, चमचा खालून आणला. एक, दोन, तीन घास. सिस्टरांचा चेहरा खुलला. तेवढ्यात संस्थेचे अध्यक्ष, ऐंशीच्या घरातले, फेटा बांधलेले, परीक्षा कशी चाललीय बघायला दारातून आत आले. आणि मी उभी राहिले. भरलेला चमचा तात्यांच्या ओठांशी, दुसऱ्या हाताने पदर डोक्यावर, आणि मी सरळ उभी. तात्यांनी घासाच्या मागोमाग मान वर केली. ठसका. परीक्षक बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. अध्यक्ष मात्र जाताना सिस्टरांना म्हणाले, "ही बाई चांगल्या घरातली दिसतीय." त्या परीक्षेत मी नापास झाले. पंधरा दिवसांनी पुन्हा दिली. त्या वेळी सिस्टरांनी खोलीचं दार आतून लावून घेतलं, आणि मी पास झाले.

आता त्याच शुश्रूषागृहात काम करते. काम बरं चाललंय, मुली अजून काकी म्हणतात. घरी मात्र त्या ठसक्याचं अवाक्षर काढलं नाही. कसं काढणार? दहाव्याचं ते वाक्य घरात फोटोसारखं टांगलेलं आहे. पाहुणे आले की जाऊबाई, म्हणजे थोरल्या भावजींची बायको, अजून म्हणतात, "सुमननं मामंजींचं लय केलं." मी मान खाली घालून चहा ओतते. लोकांना तो विनय वाटतो.

आणि यंदा गाळप सुरू व्हायच्या महिनाभर आधी थोरल्या भावजींनाच झटका आला. दवाखान्यातून घरी आणलं. आमचं अंगण एक, स्वयंपाक वेगळा. परवा सुट्टी होती, गाळपाचा वास सुटला होता आणि भिंतीपलीकडून ठसका ऐकू आला. थोडा थांबला. पुन्हा लागला. तो ठसका मी कुठूनही ओळखीन. कानावर हात ठेवून बसायचं मनात आलं, खोटं कशाला बोलू? तिथे जाऊन एक शब्द बोलले असते तर तीन वर्षांच्या सेवेचं माझ्या हातांनीच मातेरं होणार होतं. मग तिसऱ्यांदा लागला आणि मी उठले.

जाऊबाई पलंगाशेजारी उभ्या, हातात पेजेची वाटी. भावजींची मान वर, तोंड उघडं.

"उभ्यानं भरवू नगा," मी म्हटलं.

"मग काय बसून? त्यांच्या म्होरं?"

ओसरीवर पाहुण्यांच्या खुर्च्या एकात एक घालून ठेवलेल्या असतात. त्यातली एक ओढून आणली आणि भावजींच्या समोर मांडली. पदर डोक्यावर होता, तो राहू दिला. बसले. भावजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. धाकट्या भावाची बायको समोर खुर्चीत बसलेली त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

"भावजी," मी म्हटलं, "हिकडं बघा. माझ्याकडं."

त्यांनी बघितलं. त्यांचे डोळे घारे आहेत. तीस वर्षं एका अंगणात राहून मला ते माहीत नव्हतं. मामंजींचे कसे होते, तेही मला सांगता येणार नाही. मी नेहमी वरून त्यांचं कपाळ आणि टोपी बघितली. चमचा खालून नेला. हनुवटी खाली आली. गिळलं. मी थांबले. दुसरा. गिळलं. तिसरा.

जाऊबाई बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "आता ठसका न्हाय लागला." आणि पुढे, हळूच, जणू स्वतःलाच, "मग मामंजींना गं? त्यांना तर रोज लागायचा."

"तवा मी उभी ऱ्हायचे," मी म्हटलं.

मी मागे वळून बघितलं नाही. चमचा हातात असताना बघायचं नसतं. चौथा घास गेला. पाचवा गेला. जाऊबाई आत गेल्याचं कळलं. वाटलं, झालं, संपलं. मग आतून लाकडी स्टूल फरशीवरून ओढत आणल्याचा आवाज आला. स्टूल माझ्या खुर्चीला लागून थांबलं, आणि जाऊबाई त्यावर बसल्या.

"दे वाटी," त्या म्हणाल्या. "मला दाव."